भिंतीवरची तोंडं

बंदरावर त्याला सगळे 'नाकमुरडे' म्हणत. ऐकणाऱ्याला ते आडनावच वाटे. नवा आलेला कारकून कागदावर बिनदिक्कत 'श्री. नाकमुरडे' लिहून मोकळा व्हायचा, आणि तोही वाद घालायचा कंटाळा येऊन खाली सही ठोकायचा. पण ते आडनाव नव्हतं, ती त्याची ख्याती होती. या माणसाला जगातल्या निम्म्या गोष्टींची किळस यायची, आणि उरलेल्या निम्म्या त्याने अजून जवळून बघितल्या नव्हत्या. दाराची कडी तो कोपराने उघडी. दुसऱ्याच्या पेल्यातलं पाणी मरायला टेकला तरी पिणार नाही. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात बायकोने आमटीची चव बघून तोच चमचा परत भांड्यात घातला, तर हा बाबा दोन दिवस कोरडा पाव खाऊन राहिला. "अहो, मी तुमची बायको आहे, गटार नाही," असं ती म्हणाली, ते आजही त्यांच्या घरात घडोघडी ऐकू येतं.

असा माणूस होड्यांचे तळ खरवडणारा पाणबुड्या कसा झाला, याचं कारण अगदी साधं आहे. पाण्याखाली वास येत नाही.

त्याच्या बापाचा बाजारात मासळीचा गाळा होता. पोरगं पंधरा वर्षांचं झाल्यावर बापाने त्याला शेजारी बसवलं आणि हातात सुरी दिली. तिसऱ्या दिवशी एका मोठ्या माशाचं पोट चिरलं, तर आतून अर्धवट विरघळलेला दुसरा मासा बाहेर आला, डोळ्यांसकट. पोरगं तिथल्या तिथे गिऱ्हाइकाच्या टोपलीत ओकलं. गिऱ्हाईक गेलं ते गेलंच, बाप मात्र गुडघ्यावर हात मारून मारून हसला. त्यानंतर त्याने गाळ्याचं तोंड पाहिलं नाही. गोदीत लागला. तोंडात हवेची नळी, डोळ्यांवर-नाकावर काचेचा मुखवटा, हातात पोलादी पट्टी. होडीच्या तळाला चिकटलेलं शेवाळ नि शिंपल्या खरवडून काढायच्या. बाजार, डिझेल, सांडपाणी, माणसांच्या काखा, सगळं वर राहायचं. खाली थंड, निळं आणि बिनवासाचं. एकवीस वर्षं तो असा सुखात होता.

त्या सुखातही त्याची एक लाडकी जागा होती. लाटा अडवायला घातलेल्या बंधाऱ्याच्या टोकापलीकडे कातळाचा एक कडा आहे. पाण्याखाली सात-आठ मीटरवर तो कातळ छपरासारखा पुढे येतो, आणि त्या छपराखाली ऊन कधीच पोचत नाही. तिथे सगळी भिंत नारिंगी पोवळ्यांनी भरलेली. काम आटोपल्यावर टाकीत थोडी हवा उरली की तो तिथे जाऊन नुसता तरंगत राहायचा. बायकोला सांगायचा, "अगं, फुलांसारखी दिसतात आणि दगडासारखी वागतात. खाणं नाही, हगणं नाही, कुणाच्या अध्यात नाही की मध्यात नाही." त्याच्या लेखी ती जगातली एकमेव स्वच्छ जागा होती.

आणि मग बाई आल्या.

बाई समुद्रातल्या जीवांचा अभ्यास करणाऱ्या केंद्रात होत्या. अठ्ठावन्न वर्षांच्या, काटक, भुवया कायम उंचावलेल्या. सारी हयात त्यांनी पाण्याखाली काढली होती, पण वर्षापूर्वी कानाचा पडदा फाटला आणि डॉक्टरांनी बुडी मारायला साफ मनाई केली. निवृत्तीला दीड वर्ष उरलं होतं, काम अर्धवट होतं. त्या गोदीवर येऊन त्याच्यासमोर उभ्या राहिल्या.

"ती छपराखालची भिंत तुम्हाला पाठ आहे म्हणतात."

"आहे. का?"

"मला तुमचे डोळे पाहिजेत. आठवड्यातून चार सकाळी. खाली जायचं, बघायचं, लिहायचं."

"बघायचं काय?"

"काय खातात ते."

"कोण?"

"पोवळी."

तो हसला. "बाई, दगड जेवायला लागले तर आपल्याला काय उरेल हो?"

बाई हसल्या नाहीत. त्याला घेऊन केंद्रातल्या त्यांच्या खोलीत गेल्या. तिथे काचेच्या पसरट भांड्यात, खाऱ्या पाण्यात, त्याच भिंतीवरचा मूठभर तुकडा होता. बाईंनी वर दिव्याखाली भिंग धरलं आणि नळीतून पाण्यात काहीतरी सोडलं, डोळ्याला जेमतेम दिसणाऱ्या कोळंबीच्या पिलांसारखं. ज्याला तो फूल समजत होता त्याच्या पाकळ्या वळवळल्या. एक पिलू त्या पाकळीला नुसतं टेकलं आणि जागच्या जागी लुळं पडलं. पाकळ्या आत वळल्या, मध्ये एक फट उघडली, ओलसर, लांबट, आणि पिलू आत गेलं. शेजारी दुसरी फट उघडली. मग तिसरी. मूठभर तुकड्यावर चाळीस-पन्नास तोंडं.

"जनावर आहे हे," बाई म्हणाल्या. "उजेडातल्या पोवळ्यांना बरं असतं, त्यांच्या अंगात बारीक वनस्पती राहतात, त्या शिजवून घालतात. ही अंधारात राहतात. यांना मारूनच खावं लागतं."

त्यांनी त्याला तासभर बसवून ठेवलं. तासाभराने पहिल्या फटीतून एक मळकट गोळी बाहेर आली आणि चिकट धाग्याला लोंबकळत राहिली.

"हे काय?"

"नको असलेलं."

"पण हे... तोंडातूनच?"

"त्याला दार एकच. आत जायचंही तेच, बाहेर यायचंही तेच."

त्याने कशालाच हात लावला नव्हता, तरी उठून साबणाने दोनदा हात धुतले. बाईंना मात्र आता चेव चढला होता. काही पोवळी म्हणे पोटातले धागे तोंडावाटे बाहेर सोडतात आणि शेजाऱ्याला जिथल्या तिथे विरघळवतात. काही आपल्याच अंगातून बुळबुळीत पदार्थ सोडतात, त्याला जे चिकटेल त्यासकट तो परत ओढून घेतात.

"म्हणजे स्वतःचा शेंबूड?"

"साधारण तसंच."

त्याच्या जागी दुसरा असता तर त्याने हात जोडले असते. हा हो म्हणाला. बायकोने विचारलं तेव्हा नीट सांगताही येईना. आपण नाही म्हटलं तर बाई दुसऱ्या कुणालातरी त्या भिंतीपाशी नेणार, हे एक. आणि मनात कुठेतरी वेडी आशा होती की भांड्यातलं पोवळं काहीही करो, आपल्या भिंतीवर असलं काही चालत नसेल.

चालत होतं. पहिल्याच सकाळी दिसलं. एकवीस वर्षं तो जिथे सुखाने तरंगत होता, तिथे डोळे बारीक करून पाहिलं तर प्रत्येक हातभर जागेत हजारेक तोंडं चिवडत, गिळत, ओकत बसलेली. बाईंनी दिलेल्या पांढऱ्या प्लास्टिकच्या पाटीवर तो शिसपेन्सिलीने लिहायचा: 'वरची रांग. किडे. अकरा तोंडं उघडी.' 'खालची रांग. घाण बाहेर टाकणे चालू.' बाई 'घाण' खोडून 'अवशेष' करायच्या. दुसऱ्या दिवशी तो परत 'घाण' लिहायचा.

होडी त्याचा मेहुणा चालवायचा. मेहुण्याला या सगळ्याची भारी गंमत. "दाजी, आज काय मेनू होता?" असं तो रोज वर आल्याआल्या विचारायचा, आणि दाजी रोज त्याच्या अंगावर पाणी उडवायचे.

घरी जेवताना तर पंचाईतच झाली. बाप आता एक्याऐंशीचा, तोंडात एक दात नाही. दुधात बुडवलेला पाव हिरड्यांनी चघळायचा, निम्मा आत, निम्मा हनुवटीवर. नाकमुरडे आधीही त्याच्याकडे पाठ करूनच जेवायला बसे. आता नुसता चपचप आवाज आला तरी त्याला ती भिंत दिसायची. तो ताट उचलून पायरीवर जाऊन बसू लागला. बापाची हनुवटी पुसायचं काम बायकोचं. एके दिवशी तिने पोवळ्याचे कानातले घातले, तर हा म्हणाला, "काढ ते. मेलेल्या तोंडांच्या सांगाड्याचे आहेत." तिने उत्तर दिलं, "आणि तुमच्या तोंडाला कोण काय म्हणतं ते मी सांगू का?" कानातले काही काढले नाहीत.

चौथ्या महिन्यात वाऱ्याने दिशा बदलली आणि जांभळ्या जेलीफिशचे थवे किनाऱ्याला लागले. बाई रोज गोदीवर येऊन उभ्या राहू लागल्या. "लक्ष ठेवा," एवढंच म्हणायच्या. नेमकं त्याच आठवड्यात बाईंनी त्याला दिलेल्या पाण्याखालच्या कॅमेऱ्यात पाणी शिरलं आणि तो दुरुस्तीला गेला.

त्या मंगळवारी तो खाली उतरला तेव्हा एक जेलीफिश, पसरलेल्या तळव्याएवढी, प्रवाहाबरोबर ढकलली जात छपराखाली आली. वर जायला कातळ आडवा. ती भिंतीला टेकली. फुलपाखरू टेकावं इतकी हलकी. तेवढंच पुरलं. टेकल्या जागी दहा-बारा तोंडांनी तिची छत्री धरली. ती आकसली, फुगली, आकसली. सुटेना. प्रत्येक हिसक्याला ती आणखी थोडी भिंतीकडे वळायची आणि आणखी पाच-सहा तोंडांना घास मिळायचा. मग तिच्या पोटाखालच्या लोंबत्या झालरी भिंतीला लागल्या, आणि त्याने पाहिलं की झालरीचं एक टोक एका तोंडात, दुसरं चार बोटांवरच्या तोंडात, आणि मधला भाग ताणला जातोय. दोघं गिळत होती. दोघंच काय, तीस जण गिळत होते. आणि ती जिवंत होती. छत्री अजून आकसत होती, फुगत होती, जणू पोहतेच आहे.

आपण काय करतोय हे कळायच्या आत त्याने कमरेला खोचलेली खरवडायची पट्टी काढली आणि भिंत आणि जेलीफिश यांच्यामधून सपकन फिरवली. नारिंगी तुकडे उडाले. जेलीफिश सुटली, निम्म्या झालरी भिंतीतच राहिल्या. मनगटावर उघड्या कातडीला तिचा एक धागा घासून गेला आणि आगीची रेघ ओढल्यासारखं झालं. ती एका अंगाला कलंडून खाली खाली बुडत गेली. पोहली नाही.

वर आल्यावर मेहुण्याने विचारलं, "मेनू?"

"काही नाही."

बाईंना पाटी दिली. पाटीवर लिहिलं होतं, 'काही नाही.'

बाईंनी पाटी दोनदा उलटसुलट करून पाहिली. "एवढे थवे आलेत, आणि काही नाही?"

"काही नाही म्हटलं ना."

घरी मनगटावर माळेसारखे फोड उठले. तो बाही खाली ओढून बसला, पण मासळीवाल्या बापाचे डोळे म्हातारे झाले होते, आंधळे नव्हते. त्याने पोराचा हात धरून बाही वर सारली.

"जांभळी लागली तुला. एवढी जवळ कशी आली? मुखवट्यातून दिसत नाही का?"

मग त्याने बापाला सगळं सांगितलं. मुलाने बापाशी सलग दहा मिनिटं बोलावं, ही गोष्ट त्या घरात वर्षानुवर्षं झाली नव्हती. बायको दारात येऊन उभी राहिली. म्हातारा ऐकताना पाव चघळत होता आणि दूध हनुवटीवरून शर्टावर ठिबकत होतं. नाकमुरडेने या खेपेला नजर वळवली नाही, पण त्याचा चेहरा काय सांगत होता ते सांगतच होता.

"ती जेलीफिश वाचली?" बापाने विचारलं.

"नाही."

"मग तू काय मिळवलंस?"

त्याने बाही परत खाली ओढली.

"अरे, मी चाळीस वर्षं माशांची पोटं फाडली. प्रत्येकाच्या पोटात कुणीतरी होतं. तुला जगात राहायचंय, पण कुणी जेवत असलेलं बघायचं नाही. असं कसं चालेल?" त्याने बोळक्यातला घास एका गालातून दुसऱ्या गालात सरकवला. "बघवत नसेल तर बघू नको बाबा. मी तरी कुठे म्हणतो माझ्याकडे बघ म्हणून. पण बघितलंस आणि बघितलं नाही म्हणालास, हे मात्र चोराचं काम झालं."

दुसऱ्या दिवशी सकाळी तो केंद्रात गेला आणि बाईंच्या टेबलासमोर उभा राहून खरं ते बोलला. भिंतीचा तुकडा उडाला तेही. बाईंच्या उंच भुवया हळूहळू खाली आल्या. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

"सात वर्षं," त्या म्हणाल्या. "सात वर्षं मी त्या छपराखाली थांबले होते हे बघायला. मला एकदाही दिसलं नाही."

"मला किळस आली, बाई."

"मग? मला नाही येत? पहिल्या वर्षी मी पोवळ्यांच्या पोटातलं काढून मोजत होते, तेव्हा चार महिने मी रात्री नुसतं पाणी पिऊन झोपायचे. किळस येऊ द्या. तिने हात का चालवावा तुमचा?"

कॅमेरा दुरुस्त होऊन आला. नाकमुरडे आता चारऐवजी रोज जाऊ लागला, बाईंनी सांगितलं नसताना. पट्टी होडीतच ठेवून जायचा. दहा सकाळी काही घडलं नाही. थवे पातळ होत चालले होते. बाई गोदीवर एका खोक्यावर बसून राहायच्या आणि मेहुणासुद्धा मेनू विचारायचा बंद झाला.

अकराव्या सकाळी ती आली. आधीच्या जेलीफिशपेक्षा मोठी. भिंतीला टेकली, अडकली.

त्याने कॅमेरा कातळाच्या खोबणीत बसवून चालू केला, डावा हात पाठीमागे नेऊन कमरपट्ट्यात अडकवला आणि उजव्या हाताने मांडीला बांधलेल्या पाटीवर लिहू लागला. पहिल्या पाच मिनिटांत छत्रीची कड धरणारी तोंडं सोळा. बाराव्या मिनिटाला चौपन्न. तोंडं आपल्या मापाच्या दुप्पट फाकत होती. एका तोंडात झालर इतकी कोंबली गेली होती की ते मिटेना, आणि आत काय चाललंय ते कडेने दिसत होतं: गुलाबी लगदा, हलणारा. वीस मिनिटांनी छत्रीला भोक पडलं. ती तरीही आकसत-फुगत होती, फक्त आता लय चुकत होती. हवा संपत आली तसा तो वर गेला, मेहुण्याकडून दुसरी टाकी घेतली, परत खाली. पस्तिसाव्या मिनिटाला छत्री दोन ठिकाणी फाटली आणि आतली झिल्ली एका भल्या मोठ्या शेंबडासारखी लोंबू लागली. खालच्या रांगेतली तोंडं ती ओघळायची वाट बघत वर फाकली होती.

तेव्हा तो ओकला.

पाणबुड्यांना शिकवलेलं असतं, की नळी तोंडातून काढायची नाही, तिच्यातूनच ओकायचं. त्याने नळी दातांत घट्ट धरली. सकाळचा पाव आणि चहा ढगासारखा त्याच्या तोंडासमोर पसरला. कुठूनशी बारकी मासळी धावत आली आणि त्या ढगात तोंडं मारू लागली. उरलेलं प्रवाहाने उचललं आणि छपराखाली नेलं. आणि त्याच्या डोळ्यांदेखत, हातभर अंतरावर, एका नारिंगी तोंडाने त्याच्याच पोटातला पावाचा कण धरला, पाकळ्या आत वळवल्या, आणि गिळला. शेजारच्यानेही. त्याच्याही शेजारच्याने.

पुन्हा ओकावंसं वाटलं, पण पोटात आता काही उरलंच नव्हतं. पाठीमागचा हात सुटू पाहत होता. त्याने तो आवळून धरला आणि लिहिलं, 'मी ओकलो. ते पण खाल्लं. निदान नऊ तोंडं.' मग जेलीफिशचा शेवटचा तुकडा दिसेनासा होईपर्यंत तो थांबला.

वर आल्यावर त्याने पाटी बाईंच्या हातात दिली आणि गोदीच्या कडेला बसून समुद्राच्याच पाण्याने पाच वेळा चुळा भरल्या. बाई वाचत होत्या. ओठ हलत होते. शेवटच्या ओळींपाशी त्या थांबल्या.

"सकाळी काय खाल्लं होतंत?"

"बाई!"

"लिहावं लागेल."

"पाव. चहात बुडवून."

त्यांनी तेही लिहून घेतलं. मग पाटी मांडीवर ठेवून त्यांनी चष्मा काढून पुसला, जो मुळीच ओला नव्हता. मेहुण्याने शहाण्यासारखं तोंड दुसरीकडे केलं.

कॅमेऱ्यातलं चित्र नीट आलं होतं. बाईंचा लेख निवृत्तीच्या दोन महिने आधी छापून आला. पावाचा उल्लेख त्यात नव्हता, पण बाईंच्या वहीत आहे. निवृत्त होऊन त्या दुसऱ्या गावी मुलीकडे गेल्या. भिंतीचं काम केंद्रातल्या तरुण मुलींकडे गेलं. त्यांना बुडी मारून तिथवर न्यायचं काम याच्याकडे. आवड उत्पन्न झाली असं म्हणावं तर तसं मुळीच झालं नाही. एका मुलीने भाबडेपणाने विचारलं, "काका, तुम्हाला किती प्रेम असेल ना यांच्याबद्दल?" त्यावर तो म्हणाला, "प्रेम? घाणेरडी जात आहे. डोळ्याआड गेली की सात दिवसांचं जेवण गोड लागेल." आणि मुखवटा चढवून तिच्या आधी पाण्यात गेला.

बाप त्यानंतर दीड वर्ष जगला. नाकमुरडे त्याच्यासमोर बसून जेवायला शिकला का? शिकला नाही. पण शेवटच्या काही महिन्यांत बायकोचा हात मोडला होता तेव्हा तो बापाला भरवायचा. श्वास रोखून, पाण्याखाली असल्यासारखा. एक घास, हनुवटी पुसायची, तोंड फिरवून श्वास घ्यायचा, पुढचा घास. म्हाताऱ्याला त्याचं हे सोंग बघून हसू यायचं, आणि हसताना तो आणखी सांडायचा.

गेल्या उन्हाळ्यात पाणी फार तापलं. भिंतीच्या डाव्या बाजूची पोवळी गेली. कातडं गळालं, खाली पांढुरके सांगाडे राहिले आणि त्यांच्यावर मळकट शेवाळ चढलं. त्याने दोरीने मोजलं, अडीच हात रुंद, चार हात उंच. संध्याकाळी बाईंना फोन लावला. त्यांचा दुसराही कान आता गेल्यातच जमा, त्यामुळे सगळं ओरडून सांगावं लागलं, अडीच हात, चार हात. शेजारपाजारच्यांना वाटलं असेल, हा माणूस फोनवर कापड विकतोय.

पलीकडे बाईंनी दोन्ही मापं परत म्हणून घेतली.

"आणि उरलेली?" बाईंनी विचारलं. "उरलेली खातायत का?"

"खातायत," तो ओरडला. "उजवीकडे सगळी तोंडं उघडी होती. भरभरून खातायत. शी!"